वेबसाइट कुणाच्या नावावर?

“ताई, संस्थेची एक वेबसाइट टाकून द्या, आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब सगळंच उघडून द्या.” नोंदणीचा कागद हातात पडला, बँकेत खातं निघालं की शिरूर आणि दौंड तालुक्यातली मंडळी हे काम घेऊन माझ्याकडे येतात. मी बरीच वर्षं घोडनदीत, म्हणजे शिरूर गावात, संगणकाचे वर्ग चालवले, एमएससीआयटी शिकवलं. आता वर्ग कमी केलेत. बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या, गावोगावची ग्रंथालयं, माजी विद्यार्थ्यांची मंडळं यांची इंटरनेटवरची घडी बसवून देते. लोगो कसा, रंग कोणता हे नंतर. आधी विचारते, “हे सगळं कुणाच्या नावावर काढायचं?”

उत्तर बहुधा ठरलेलं असतं. “माझ्या पुतण्याच्या नावावर काढा. त्याला त्यातलं कळतं.”

पुतण्याला कळतं यात शंका नाही. पण संस्थेची गोष्ट संस्थेच्या नावावर असावी, एवढं एक पटवून देण्यात माझा निम्मा वेळ जातो, आणि तो जायलाच हवा असं माझं मत आहे.

सध्या हातात असलेलं काम भीमेच्या दोन्ही काठांवरच्या बायकांच्या एका नव्या उत्पादक कंपनीचं आहे. काही सभासद शिरूर तालुक्यातल्या, मांडवगण फराटा आणि न्हावरा बाजूच्या. काही पुलापलीकडे दौंड तालुक्यातल्या, पारगाव, राहू, केडगाव बाजूच्या. माझं सासर अलीकडे, माहेर पलीकडे, त्यामुळे दोन्ही बाजूंना मी आपलीच. दोन्ही काठांवर ऊस, आणि दौंडच्या बाजूला गुऱ्हाळं पुष्कळ. या बायकांचा माल म्हणजे ढेपेचा गूळ, गूळ पावडर आणि काकवी. उत्पादक कंपनी हा प्रकार आपल्याकडे २००२ सालच्या कायदादुरुस्तीनं आला. दहा उत्पादक एकत्र आले की ती नोंदवता येते. २०२० मध्ये केंद्र सरकारनं दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभ्या करण्याची योजना आणली आणि गावोगाव अशा कंपन्या निघू लागल्या. कागदपत्रं होतात, आणि लगेच पुण्यातला दुकानदार विचारतो, बँकेचा साहेब विचारतो, सीएसआरचा निधी देणारा विचारतो, “तुमची वेबसाइट कोणती?”

तर वेबसाइट म्हणजे नेमकं काय काय, ते आधी सांगते. त्यात तीन गोष्टी असतात. एक नाव, म्हणजे डोमेन. दुसरी जागा, म्हणजे चोवीस तास चालू असलेल्या कुठल्यातरी संगणकावरचा आपला कोपरा. त्याला होस्टिंग म्हणतात. तिसरी, त्या जागेवर ठेवलेली पानं. कुणी मोबाइलवर तुमचं नाव टाकलं की डीएनएस नावाची यंत्रणा त्या नावापुढचा आकडी पत्ता शोधून देते आणि मोबाइल तुमच्या पानांपर्यंत पोचतो. जागा बदलता येते, पानं पुन्हा लिहिता येतात. नाव मात्र एकदा हातचं गेलं की परत मिळवणं फार अवघड. म्हणून मी बैठकीत सांगते, डोमेनची नोंद म्हणजे संस्थेचा सातबारा. त्यावर ज्याचं नाव, मालक तो. बाकी सगळे कसणारे.

हे सांगायला कारण आहे. एका संस्थेचं डोमेन एका हौशी तरुणानं स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या खिशातले पैसे भरून घेतलं होतं. मनात काही वाईट नव्हतं. पुढे त्याला बाहेरगावी नोकरी लागली, नंबर बदलला. नूतनीकरणाच्या सूचना जुन्या ईमेलवर येत राहिल्या, त्या कुणी उघडल्या नाहीत. मुदत संपली, नाव मोकळं झालं आणि भलत्याच कुणीतरी घेतलं. संस्थेच्या छापील पावत्यांवरचा पत्ता टाकला की जुगाराच्या जाहिराती उघडायला लागल्या. देणगीदारांचे फोन आले तेव्हा कार्यकारिणीला कळलं. नाव परत मिळालं नाही. नवं घ्यावं लागलं, पावतीपुस्तकं नव्यानं छापावी लागली.

आमच्या गुळाच्या कंपनीत म्हणून क्रम वेगळा ठेवला. सर्वांत आधी कंपनीचा ईमेल काढला. तो कुणा एकीचा नाही. पासवर्ड अध्यक्षा आणि सचिव दोघींकडे, आणि पासवर्ड परत मिळवण्यासाठी दिलेला नंबर कंपनीच्या कामाच्या मोबाइलचा. मग त्या ईमेलवरून, कंपनीच्या नोंदणीपत्रावर आहे त्याच नावानं, कंपनीच्या खात्यातून पैसे भरून डोमेन घेतलं. डॉट इन नावाला वर्षाला काहीशे ते हजारभर रुपये पडतात. ते एकदम काही वर्षांसाठी घेऊन ठेवलं. डॉट इन नावांचा कारभार आपल्या देशात निक्सी ही संस्था पाहते. २०१४ च्या ऑगस्टपासून पत्ता देवनागरीतही घेता येतो, शेवटी ‘.भारत’ असलेला, आणि मराठी त्यात पहिल्यापासून आहे. मला तो मनापासून आवडतो. पण देवनागरी पत्त्याचा ईमेल अजून सगळीकडे नीट चालत नाही, म्हणून सध्या रोमन नाव मुख्य ठेवलं आहे.

नाव ठरवताना आमच्या भागातली एक खास अडचण येते. शिरूर एक नाही. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद आहे. आमचं शिरूर जुन्या माणसांना घोडनदी म्हणून ठाऊक. केडगाव दोन, एक दौंड तालुक्यातलं, एक अहिल्यानगर शहराला लागून. तळेगाव म्हटलं की लोक दाभाड्यांच्या तळेगावला जातात, आमचं ढमढेऱ्यांचं राहून जातं. निमगावं तर विचारू नका. रोमन अक्षरांत आणखी गोंधळ: दौंडला इंग्रज ‘धोंड’ लिहीत, ते जुन्या कागदांत अजून सापडतं. त्यामुळे संपर्काच्या पानावर गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड, जवळचं रेल्वे स्टेशन आणि कुठल्या रस्त्यावर, हे सगळं मराठी आणि इंग्रजी दोन्हीत, अक्षरांत लिहिलेलं हवं. गूगलच्या नकाशावर संस्थेची खूण स्वतः करून, तीही संस्थेच्याच ईमेलवरून, ताब्यात घेतलेली हवी. आमच्या गुऱ्हाळाकडे टेम्पो घेऊन येणारा माणूस वेबसाइट वाचत नाही, नकाशा लावून येतो. चौफुल्याहून न्हावऱ्याकडे येताना पारगावजवळचा भीमेचा पूल ही खूण आम्ही शब्दांतही लिहिली, कारण नदीकाठच्या शिवारात रेंज जाते.

आता थोडं मागे जाते, कारण नव्या संस्थेनं स्वतःची ओळख जगाला कशी करून द्यावी याचा सर्वांत मोठा दाखला माझ्या माहेरच्या तालुक्यातच आहे. केडगावचं मुक्ती मिशन आम्ही लहानपणापासून बाहेरून पाहत आलो. पंडिता रमाबाईंनी ते उभं केलं तेव्हा केडगाव म्हणजे आगगाडीच्या रुळांलगतचं एक खेडं होतं. पण रमाबाईंचं काम त्याआधीच दूरवर पोचलेलं होतं. १८८७ साली अमेरिकेत त्यांचं ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक निघालं. हिंदू विधवांची स्थिती काय आहे आणि त्यांच्यासाठी मला काय करायचं आहे, हे त्यांनी ज्यांच्याकडून मदत हवी होती त्यांच्या भाषेत मांडलं, आणि त्या पुस्तकाच्या विक्रीतून शाळेसाठी पैसा उभा राहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झालं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढे ते पुण्याला आलं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि बायका आणल्या, आणि केडगावच्या जमिनीवर मुक्ती सदन उभं राहिलं.

मला त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती छापखान्याची गोष्ट. केडगावला मुक्तीचा स्वतःचा छापखाना होता. दुष्काळातून आलेल्या मुली तिथे खिळे जुळवायला, छपाई करायला, पुस्तकं बांधायला शिकल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचं कामही तिथेच चाललं. ‘मुक्ती प्रेयर बेल’ नावाचं इंग्रजी वार्तापत्र केडगावहून निघे आणि परदेशातल्या हितचिंतकांना संस्थेत काय चाललंय ते कळवी. म्हणजे ज्याला आज आपण संस्थेचं ‘कम्युनिकेशन’ म्हणतो, ते शंभर वर्षांपूर्वी दौंड तालुक्यातल्या एका खेड्यातून व्यवस्थित चाललं होतं, आणि छपाईचं साधन संस्थेच्या हातात होतं. कुणी दुसऱ्यानं छापलं तरच आपली बातमी जाईल, अशी वेळ रमाबाईंनी ठेवली नाही. आमच्या बायकांना मी हे सांगितलं तेव्हा केडगावच्या एक काकू म्हणाल्या, “म्हंजे आपली वेबसाइट म्हंजे आपला छापखाना.” मला याहून सोपं सांगता आलं नसतं.

याच्या उलट बाजूला सोशल मीडिया आहे. तिथलं काहीच आपलं नसतं. खातं आपण काढतो, फोटो आपले, माणसं आपली. पण दार दुसऱ्याच्या हातात. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. गूगल प्लस २०१९ मध्ये गेलं. २९ जून २०२० ला सरकारनं टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली आणि गावाकडच्या पोरापोरींनी जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर सहाएक तास बंद पडले. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेणाऱ्यांना तेव्हा हातावर हात ठेवून बसण्याशिवाय इलाज नव्हता. याउलट वेब हे कुणा एका कंपनीचं नाही. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत ते घडवलं आणि ३० एप्रिल १९९३ ला सर्ननं ते जगाला मोफत मोकळं करून दिलं. म्हणूनच शिरूरमधली एक छोटी कंपनी आणि अमेरिकेतलं एखादं मोठं वर्तमानपत्र, दोघांचंही पान एकाच रीतीनं उघडतं. मुख्य माहिती आपल्या वेबसाइटवर, आणि तिथे लोकांना घेऊन येण्यासाठी सोशल मीडिया, असा हिशेब मी ठेवते.

पानं कशी बनवायची? आम्ही वर्डप्रेस वापरलं. ते मोफत आहे, मराठीत आहे, जगातल्या कितीतरी वेबसाइट त्यावर चालतात, आणि उद्या मी नसले तरी ते येणारा माणूस शिरूरमध्ये सहज सापडेल. हे शेवटचं कारण सर्वांत मोठं. कुणाला तरी एकट्यालाच समजतं असं काही नव्या संस्थेनं घेऊ नये, ते कितीही सुंदर दिसलं तरी.

मजकुराची खरी डोकेदुखी फॉन्टची आहे. कंपनीचं माहितीपत्रक फ्लेक्सच्या दुकानात बनलं होतं, श्री-लिपीत. श्री-लिपी ही पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची देणगी, आणि तिच्यावर महाराष्ट्रातल्या छपाईचा किती मोठा भार वर्षानुवर्षं चालला हे छापखान्यातला कुणीही सांगेल. पण त्या काळच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो मजकूर उचलून वेबसाइटवर चिकटवला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. त्यावर तोडगा म्हणून पुष्कळ जण पत्रकाचा फोटोच वेबसाइटवर चढवतात. डोळ्यांना ते मराठी दिसतं, पण तो फोटो आहे. शोधणाऱ्याला त्यातला शब्द भरवशानं सापडत नाही, ज्याला दिसत नाही त्याला मोबाइल तो नीट वाचून दाखवू शकत नाही, आणि फोन नंबरवर बोट ठेवून फोनही लागत नाही. सगळा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करणं हाच खरा उपाय. आमच्या सभासदांच्या दोन मुलींनी मोबाइलवर बोलून मजकूर उतरवला आणि आयांनी तो तपासला.

युनिकोडमध्येही एक खाचखळगा आहे, आणि तो नेमका आमच्याच धंद्याच्या शब्दात. ‘गुऱ्हाळ’ मधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कळफलक ‘ऱ’ हे वेगळं अक्षर वापरतात, काही साध्या ‘र’ ला हलन्त देऊन मागे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखे. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. आम्ही सगळीकडे पहिली तऱ्हा ठेवायची असं ठरवून टाकलं. दुसरं, वेबसाइटच्या सेटिंगमध्ये भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली. ती इंग्रजी किंवा हिंदी राहिली तर काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दाखवतात. वाचणाऱ्याला काय खटकतं ते सांगता येत नाही, पण खटकतं. एका सभासदाच्या सासूबाईंनी पहिल्या दिवशी पान पाहून विचारलं, “हे आपल्यात ‘ल’ असा कधीपासून काढायला लागले?”

काय लिहायचं यावर मात्र बैठकीत बराच काथ्याकूट झाला. पहिल्या पानावर ‘शुद्ध सेंद्रिय गूळ’ असं मोठ्या अक्षरांत हवं असा आग्रह होता. मी नको म्हटलं. सेंद्रिय अन्नाबद्दल अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१७ चे नियम आहेत. शेतकऱ्यानं थेट गिऱ्हाइकाला विकण्यात काही सवलत असली, तरी प्रमाणपत्राशिवाय दुकानांतून सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. त्यापेक्षा जे खरं आहे ते सांगावं: रस कशानं स्वच्छ करतो, काहिलीखाली काय जाळतो, एका काहिलीचा गूळ किती वेळात उतरतो, ढेप ठेवायची कशी. तेच लोकांना वाचायला आवडतं. भेंडीच्या चिकानं मळी वर येते आणि ती काढून टाकतात, ही ओळ आमच्यापैकी कुणाला लिहिण्यासारखी वाटली नव्हती, कारण सगळ्यांना ती पाठ. पुण्याच्या गिऱ्हाइकाला ती ठाऊक नसते, आणि विश्वास तिथेच बसतो.

कायद्यानंही काही गोष्टी पहिल्या पानावर लागतात. कंपनीची वेबसाइट असेल तर कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, एकवीस अक्षर-अंकी ओळख क्रमांक, फोन, ईमेल आणि तक्रारीसाठी कुणाशी बोलायचं त्या व्यक्तीचं नाव मुख्य पानावर द्यावं लागतं. कंपनी स्थापनेच्या २०१४ च्या नियमांतच ते आहे. खाद्यपदार्थ असेल तर परवान्याचा चौदा अंकी क्रमांकही टाकावा. न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, आणि देणगी घेत असाल तर करसवलतीचं प्रमाणपत्र आहे की नाही ते स्पष्ट. हे कोरडं वाटतं, पण बँकवाला आणि निधी देणारा आधी तेच वाचतो.

सोशल मीडियाबद्दल माझं मत ठाम आहे: सगळं उघडू नका. ज्या खात्यावर दोन महिन्यांत काही पडलं नाही, ते बंद दुकानाची पाटी होऊन बसतं. आम्ही तीनच घेतली. सभासदांसाठी व्हॉट्सअ‍ॅप, गिऱ्हाइकांसाठी इन्स्टाग्राम, आणि गूळ कसा होतो ते दाखवायला यूट्यूब. फेसबुकचं पान नाव राखण्यासाठी उघडून ठेवलं, आणि इन्स्टाग्रामवरचंच तिथे जातं. फेसबुकवर संस्थेसाठी ‘पेज’च काढायचं. माणसासारखं खातं काढलं तर पाच हजार मित्रांना कुंपण लागतं आणि नियमात न बसल्यानं ते केव्हाही बंद होऊ शकतं. पेजला किमान दोघी अ‍ॅडमिन असाव्यात, आणि सगळ्या खात्यांना दोन टप्प्यांची पडताळणी लावलेली असावी.

व्हॉट्सअ‍ॅपचा विचार बायकांच्या संस्थेत वेगळा करावा लागतो. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर प्रत्येकाला दिसतो. कुणी नवा माणूस कामापुरता ग्रुपात घेतला की सगळ्यांचे नंबर त्याच्या हाती जातात, आणि रात्री-अपरात्री येणारे फोन काय असतात हे गावातल्या बाईला सांगायला नको. म्हणून सभासदांचा ग्रुप बंद आणि लहान ठेवला. गिऱ्हाइकांसाठी चॅनेल काढलं. चॅनेलमध्ये एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि बोलणं एकतर्फी असतं, पण आजचा भाव, आजचा माल, गाडी पुण्याला कधी येणार हे कळवायला तेवढं पुरतं.

अफवा आणि वादाचं काय, हा प्रश्न आमच्याकडे पुस्तकी नाही. १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर परिसरात जो हिंसाचार झाला तो शिरूर तालुक्यानं पाहिला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये दौंड तालुक्यात यवतला एका सोशल मीडिया पोस्टवरून तणाव पेटला, जाळपोळ झाली, जमावबंदी लागली. संस्थेच्या नावानं चालणाऱ्या पानावर कोण काय लिहितो याकडे लक्ष देणारं माणूस नेमलेलंच हवं. ग्रुपमध्ये दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, अ‍ॅडमिनला केवळ अ‍ॅडमिन म्हणून गुन्हेगार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं. कायद्यातून सुटका झाली तरी गावातली घडी मोडली की ती बसवायला पिढी जाते. म्हणून आम्ही लिहूनच ठेवलं: कंपनीच्या पानावर धर्म, जात, राजकारण नाही, नेत्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स नाहीत, कुठल्याच पक्षाचे नाहीत. आमच्या सभासदांच्या घरांत सगळ्या पक्षांची माणसं आहेत.

फोटोंचंही तसंच. चुलवणाजवळ उभी असलेली बाई, ढेप बांधणारे हात हे चित्र सुंदर येतं. काहिलीची वाफ मोबाइलच्या भिंगावर बसते म्हणून जरा लांबून आणि सकाळच्या उजेडात काढावं लागतं. पण काढण्याआधी विचारायचं. गुऱ्हाळावर बाहेरगावची मजूर कुटुंबं असतात, त्यांची पोरं तिथेच खेळत असतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. कायदा नसता तरी मी त्या पोरांचे चेहरे टाकू दिले नसते. ज्या आईला ‘नको’ म्हणायची सवय नाही, तिच्या गप्प राहण्याला संमती समजायचं नाही.

पाबळचाही उल्लेख करते, कारण शिरूर तालुक्यातल्या नव्या संस्थांनी तिथे एकदा जाऊन यावं असं मला वाटतं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीनं वस्तू बनवण्याची कार्यशाळा, तिथे आली. फॅब लॅबच्या रीतीत एक गोष्ट पक्की आहे: जे बनवलं ते कसं बनवलं हे लिहून ठेवायचं, म्हणजे दुसऱ्याला शिकता येईल. जमलं तेही आणि फसलं तेही. नव्या संस्थेला ‘रोज टाकायचं काय’ हा प्रश्न पडतो, त्याचं उत्तर मला या रीतीत सापडलं. आमच्या यूट्यूबवर म्हणून जाहिरात कमी आणि काम जास्त आहे. पावडर ओली का राहते, पावसाळ्यात ढेपेला पाणी का सुटतं, हे बायका स्वतः बोलतात, आपल्या बोलीत. शुद्ध भाषेत बोलायचा एक प्रयत्न झाला होता. सगळ्या शाळेतल्या बाईंसारख्या दिसायला लागल्या, म्हणून तो सोडला.

राहिला प्रश्न पुतण्याचा. तो कामाचा आहेच, त्याला दूर ठेवू नये. आमच्याकडे तो व्हिडिओ कापतो, पानं बदलतो, त्याला त्याचे पैसे मिळतात. फक्त डोमेन, होस्टिंग, ईमेल आणि सोशल मीडियाची खाती कंपनीची आहेत, असा ठराव संचालकांच्या बैठकीत झाला आणि इतिवृत्ताच्या वहीत उतरला. कुठलं खातं, कुठल्या ईमेलवर, मुदत कधी संपते, चावी कुणाकडे, याची यादी त्याच वहीत चिकटवली आहे. पासवर्ड वहीत नाहीत. ते बंद पाकिटात, कंपनीच्या शिक्क्यासह कपाटात. पदाधिकारी बदलतील त्या दिवशी हिशेबाची पुस्तकं सोपवतात तशी ही यादी सोपवायची, पाकीट फोडायचं, पासवर्ड बदलायचे आणि नवं पाकीट करायचं.

वार्षिक सभा झाली की जमाखर्चाचं पान वेबसाइटवर चढेल. सभासदांपैकी काहींना ते अजून पटलेलं नाही, आपला नफा-तोटा जगाला कशाला दाखवायचा म्हणतात. मी आग्रह धरून बसले आहे. तोवर ऊस तुटायला लागेल, पहिली काहील चढेल, आणि पहिल्या पानावरची ‘सध्या माल शिल्लक नाही’ ही ओळ केडगावच्या त्या काकू स्वतःच्या मोबाइलवरून बदलणार आहेत. कशी बदलायची ते त्यांनी शिकून घेतलंय.